तपास तिथे थांबला नाही

विमान अपघातांवरचे माहितीपट गारगोटीतही रात्री जागून पाहिले जातात. आम्हाला त्यांतली चौकशी मोलाची वाटते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला, भर पावसात, कॅप्टन दीपक साठे यांचं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. २१ जण गेले. अहवालात वैमानिकाची चूक नोंदली आहे, पण तपास तिथे थांबला नाही. त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, वारा पाठीमागून होता, दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाणही त्यांच्याकडेच होतं, कारण कोझिकोडला कॅप्टनच अपुरे होते; त्यामुळे तिथेच उतरण्याचा ताण होता. घाटात एसटी उलटली की आपण मात्र चालकाला धरून मोकळे होतो. ब्रेक कधी तपासले होते, चालक किती तास जागा होता, हे कोण विचारतं? रस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या अपघाताचा असा अहवाल लोकांपुढे आलाच पाहिजे.