आमच्या जखिणीला प्रेम करू द्या

मराठी गोष्टीत हडळीची ड्युटी ठरलेली आहे. केस मोकळे सोडायचे, शेवटची एसटी चुकलेल्या माणसाला रस्त्यात गाठायचं, आणि शेवटच्या परिच्छेदात उलटी पावलं दाखवायची. संपली गोष्ट. पण समजा, तिला एक जण आवडला. पावलं दिसू नयेत म्हणून ती पायघोळ साडी नेसून त्याला भेटायला गेली. आणि तो निघाला समंध, सावली पडत नाही म्हणून फक्त ढगाळ दिवशी भेटणारा! दोघंही घाबरलेले, समोरचा माणूस आहे आणि आपण नाही, हे त्याला कळलं तर?

अशी गोष्ट लिहिली की दोन बाजूंनी दगड येतात. एकीकडून, ‘हा कोरियन सिरियल बघून आलेला थिल्लरपणा.’ दुसरीकडून, ‘अंधश्रद्धा पसरवताय.’ मला दोघांशीही भांडायचंय. आणि मी जालन्याची असल्यामुळे माझ्याकडे पुरावा आहे.

सुरुवात भोकरदनपासून. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव पूर्वी भोगवर्धन होतं, व्यापाराची मोठी पेठ. 1973च्या उत्खननात तिथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती त्याआधी, 1938 साली, थेट इटलीत सापडली होती. इ.स. 79मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात! आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक म्हणतात, ही यक्षी. अंगभर दागिने, चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही.

या यक्षिणीची प्राकृतात जक्खिणी झाली आणि मराठीत जखीण. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी जिची मूर्ती लोकांनी समुद्रापार नेली, तिचं नाव आज आपण इच्छा अपुरी राहून मेलेल्या बाईच्या भुताला देतो. इच्छा असलेली बाई आणि भीतीदायक बाई, आपल्या भाषेत एकच झाली. थिल्लरपणा कशाला म्हणायचं ते आता तुम्हीच ठरवा.

भोकरदनहून दक्षिणेला निघालं की जिल्हा गोदावरीला संपतो, आणि नदीकाठानेच थोडं वर पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. सातवाहन हे नाव कसं पडलं, याची एक कथा अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहे. इतिहास म्हणून नको, गोष्ट म्हणून ऐका. सात नावाचा एक यक्ष एका ऋषिकन्येच्या प्रेमात पडतो. घरच्यांना न विचारता दोघं गांधर्व विवाह करतात. तिच्या नातेवाइकांना कळतं आणि ते शाप देतात, मनमानी करता काय, सिंह व्हा! दोघं सिंहाच्या कातडीखाली संसार करतात. पुढे त्यांचा मुलगा सिंहाच्या पाठीवर बसलेला एका राजाला दिसतो. सात ज्याचं वाहन, तो सातवाहन.

त्याच ग्रंथात गुणाढ्याची जन्मकथा आहे. त्याच्या आईवर एका नागराजकुमाराचं प्रेम बसतं, तिथेही गुपचूप गांधर्व विवाह. भाऊ एकमेकांवर संशय घेतात आणि मग तो नाग खऱ्या ओळखीनिशी समोर येतो. खुद्द गुणाढ्य म्हणजे पार्वतीच्या शापाने माणूस झालेला शिवाचा गण. सांगा आता, ओळख लपवलेल्या अमानवी जिवांचं प्रेम कोरियातून आलं की गोदाकाठावरून?

आणि कोरियातून आलं असतं तरी काय बिघडलं? 2016च्या ‘गॉब्लिन’मध्ये एक यमदूत चिकनचं दुकान चालवणाऱ्या बाईच्या प्रेमात पडतो. ती नाव विचारते, आणि याला नावच नाही. आपण हसतो. पण मराठवाड्यात वाढलेल्या पोरीला ते हसू जरा वेगळं लागतं. इथे नावानंतरचा प्रश्न असतो, ‘आडनाव?’ ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्याला पाठ आहे. फोनमध्ये ‘प्लंबर’ म्हणून सेव्ह केलेला नंबर, बसस्टँडवर एकमेकांना न ओळखण्याचं नाटक, मैत्रिणीच्या नावाने आलेला कॉल. ही उलटी पावलं झाकणंच आहे. आणि सिंह व्हा म्हणणारे नातेवाईक आजही आहेत. फरक इतकाच, आता ते शापावर थांबतीलच असं नाही.

म्हणून ही गोष्ट हलकीफुलकी हवी. रडकी प्रेमकथा त्या पोरीला सांगते, तुझं काही खरं नाही. हसवणारी गोष्ट सांगते, ज्याच्यापासून तू लपवतेयस, तोही काहीतरी लपवतोय. बोलून बघ.

आपलं पडद्यावरचं भूत मात्र हट्टीच राहिलं. ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूला 1993पासून माणसाचं शरीर हवंय. 2024च्या ‘मुंज्या’तलं आपलं कोकणी भूत लग्नाला उतावीळ आहे, पण मुलीला विचारायचं त्याला सुचत नाही. ते प्रेम नव्हे, मागे लागणं. त्याच दिग्दर्शकाच्या, आदित्य सरपोतदारच्या, 2025च्या ‘थामा’त वेताळांना एकदाचं प्रेम करायला मिळालं. दोन्ही सिनेमे हिंदी. दिग्दर्शक मराठी, मुंज्या मराठी, प्रेम करायचं तर भाषा बदलून या!

आता अंधश्रद्धेचं. या बाबतीत माझी बाजू तुमचीच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली आलेला जादूटोणाविरोधी कायदा मला हवाच आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. पण ती मारहाण भीतीवर चालते. साडीच्या काठाखाली पावलं लपवताना धडपडणाऱ्या हडळीची भीती घालून कोणता मांत्रिक पैसे उकळेल? ज्याला आपण हसलो, त्याचा धाक उरत नाही.

राहिले अभिरुचीचे पहारेकरी. त्यांच्यासाठी गुणाढ्याचीच गोष्ट. त्याने पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने भाषा बघूनच ग्रंथ परत पाठवला. गुणाढ्य रानात एकेक पान वाचायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत बसली. ती सुकली, त्यांचं कोरडं मांस खाऊन राजा आजारी पडला, तेव्हा कुठे चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते.

उरलेल्या एक लाखातही विद्याधरांची प्रेमप्रकरणंच निघाली. राजाने ती आधीच वाचली असती तर सातही लाख वाचले असते.