वाकड्या नाण्याची साक्ष

नाणे म्हटले की ते वाटोळे असावयाचेच, ही समजूत टाकसाळीतील यंत्राने आपल्या मनावर ठसविली आहे. प्राचीन रोमने हा दंडक कधी पुरता पाळला नाही. तेथील नाणे माणसाच्या हाताने ठोकले जाई. त्यामुळे ते कधी अंडाकृती होई, कधी कडेला फाटे. कधी त्याची कड मुद्दाम दातेरी केली जाई. पुढे व्यवहारात कोणी ते मधोमध तोडी, तर कोणी त्याच्या कडा कातरून घेई. अशी बेढब रोमन नाणी जमविण्याचा छंद आज जगात अनेकांना आहे. या छंदाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो त्यात बोकाळलेल्या दोन वृत्तींना. पहिली वृत्ती म्हणते, बेढब नाणे म्हणजे बिघडलेले नाणे. ते बाजूला सारा. दुसरी म्हणते, बेढब नाणे म्हणजे मोठी गंमत. ते चटकन विकत घ्या. एक नाक मुरडते, दुसरी टाळ्या पिटते. पण हे नाणे कोणत्या मातीतून आले, हा प्रश्न दोघींनाही सुचत नाही. आमच्या मते तोच पहिला प्रश्न आहे.

मुळात रोमचा पैसा आकारावर नव्हे, वजनावर उभा राहिला. आरंभी तेथे काशाचे ओबडधोबड गोळे तराजूत तोलून व्यवहार होत. ‘एस रूदे’, म्हणजे कच्चे कासे, हे त्यांचे नाव. सेमिनरीत लॅटिन गिरविलेल्यांना ‘स्तिपेंदियुम’ हा शब्द आठवेल. सैनिकाच्या वेतनाच्या या नावात ‘तोलणे’ हे क्रियापद दडलेले आहे, आणि आजचा ‘स्टायपेंड’ त्याचाच वंशज आहे. पुढे नाणी पाडली जाऊ लागली, तरी तांब्याच्या एकेका नाण्याचे वजन काटेकोर जुळविण्याची तसदी टाकसाळ घेत नसे. ठरावीक धातूतून ठरावीक संख्येची नाणी निघाली की काम झाले. सोन्याच्या बाबतीत मात्र काटेकोरपणा असे. तेव्हा तांब्याचे वेडेवाकडे नाणे हे कारागिराच्या आळसाचे फळ नव्हे; कोठे काळजी घ्यावयाची आणि कोठे नाही, याचा तो हिशेब आहे.

तोडलेल्या नाण्याचेही असेच आहे. सम्राट ऑगस्टस याच्या काळात गॉलमधील नेमाउसुस, म्हणजे आजच्या फ्रान्समधील नीम, या नगरीने एक नाणे काढले. एका बाजूस ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा यांची पाठीला पाठ लावलेली मस्तके, दुसऱ्या बाजूस ताडाला साखळदंडाने बांधलेली मगर. ही मगर म्हणजे जिंकलेला इजिप्त. या नाण्याचे नीट दोन तुकडे केलेले अनेक नमुने सापडतात. छिन्नी बहुधा दोन मस्तकांच्या मधून चालविलेली असते. हा मोडतोडीचा प्रकार नव्हे. अख्खे नाणे दोन ‘आस’ किमतीचे, म्हणून अर्धे एक ‘आस’चे. सुट्ट्या पैशांची चणचण होती आणि लोकांनी तिच्यावर आपल्या हातांनी उपाय शोधला. हे अर्धे नाणे ‘खराब’ म्हणून बाजूला टाकणारा संग्राहक राजाचे मुख जपतो आणि प्रजेचा हात फेकून देतो.

दातेरी कडांच्या चांदीच्या ‘देनारियुस’विषयी असे सांगितले जाई की, आत तांबे भरलेले नाही हे दिसावे म्हणून त्या कडा छाटीत. पण आत तांबे असलेली दातेरी बनावट नाणीही सापडली आहेत. म्हणजे हा खुलासा लंगडा आहे. जर्मन टोळ्यांना हीच जुनी दातेरी नाणी अधिक पसंत होती, अशी नोंद इतिहासकार टॅसिटस याने करून ठेवली आहे. आकाराला अर्थ असतो. पण तो घरबसल्या तर्काने लावता येत नाही.

दोन खजिने शेजारी ठेवून पाहू. १९९२ साली इंग्लंडमधील हॉक्सन या गावी १४,८६५ रोमन नाणी मिळाली. त्यांतील चांदीची जवळजवळ सर्व नाणी कडेने कातरलेली होती. इ. स. ४०७ नंतरचा तो काळ; रोमकडून ब्रिटनला नव्या नाण्यांचा पुरवठा थांबत आलेला. लोकांनी चांदी कातरून घेतली, पण सम्राटाच्या मस्तकाला बहुधा कातर लागू दिली नाही. दुसरा खजिना आपल्या देशातला. १८९८ साली तामिळ मुलखातील पुदुक्कोट्टई संस्थानात रोमन सोन्याची ५०१ नाणी सापडली. तेथे नेमके उलटे. बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव घातलेला, पण सोने मात्र जागच्या जागी! नाणे चलनातून बाद करण्यासाठी हा घाव होता की आणखी कशासाठी, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु हा वाद तरी का करता येतो? कारण ही पाचशे नाणी एकत्र सापडली, एकत्र मोजली गेली आणि त्यांचे गाव ठाऊक राहिले. तीच एकेक करून सराफाच्या दुकानी गेली असती, तर प्रत्येक घाव केवळ एक ‘दोष’ ठरला असता.

आणखी एक उदाहरण देतो. जर्मनीत ओस्नाब्रुकजवळ काल्क्रीझे येथे १९८७ साली एका ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याला धातुशोधक यंत्राने रोमन नाणी मिळाली. त्याने ती खिशात घातली नाहीत. स्थानिक पुरातत्त्वज्ञांना दाखविली. पुढील उत्खननात तांब्याच्या कित्येक नाण्यांवर ‘वार’ ही तीन लॅटिन अक्षरे ठोकलेली आढळली. ती सेनापती वारुस याची मुद्रा. इ. स. ९ मध्ये तीन पलटणींसह ज्याचा जर्मनीच्या अरण्यात नाश झाला, तोच हा वारुस. त्या रणभूमीचा माग लागण्यास या नाण्यांचे मोठे साहाय्य झाले. बाजारात असे एक नाणे घेऊन पाहा. ते झिजलेले आहे, कुरूप आहे, वर ठोकलेला डाग आहे, म्हणून विक्रेता भावही उतरवून देईल. पण तीन पलटणी त्याच्यासोबत येणार नाहीत. त्या मातीतच राहतील, आणि त्यांचा पत्ता पुसलेला असेल.

आपल्या धर्मग्रामात स्नानसंस्काराची नोंदवही असते. कोणी तिच्यातील एक पान फाडून, अक्षर सुरेख आहे म्हणून चौकटीत बसवून भिंतीवर टांगले, तर आपण त्याला रसिक म्हणू काय? त्या पानावर कोणाचा तरी जन्म आहे, आईबापांची नावे आहेत, आणि ते पान वहीत आहे तोवरच त्याला दाखल्याची किंमत आहे. मातीतून गुपचूप उपटलेले नाणे हे असेच फाडलेले पान होय. पुढे प्लास्टिकच्या डबीत बंद करून त्यावर प्रतवारीचे आकडे चिकटविले, म्हणून फाटलेली वही सांधली जात नाही.

यावर संग्राहकांचे तीन युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, आम्ही घेतले नसते तर हे नाणे भट्टीत गेले असते. क्वचित हे खरेही असेल. परंतु ज्याला गिऱ्हाईक आहे, तेच उकरले जाते. मागणी आधी आणि कुदळ नंतर, हा क्रम विसरता येत नाही. दुसरा युक्तिवाद असा की, रोमन तांबे लाखोंनी पडले आहे. एका तुकड्याने काय बिघडते? याचे उत्तर इंग्लंडनेच दिले आहे. तेथे १९९७ पासून शेतात सापडलेल्या सुट्या वस्तूंची नोंद करण्याची योजना आहे. त्या नोंदींची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली असून त्यांत रोमन नाणी फार मोठ्या प्रमाणावर आहेत. कोणत्या प्रांतात कधी पैसा खेळत होता आणि कधी आटला, हे अशा एकेका क्षुद्र तुकड्याच्या बेरजेतून कळू लागले आहे. तिसरा युक्तिवाद असा की, संग्रहालयांच्या कोठारांत नाणी धूळ खात पडतात. पडू देत! धूळ झटकता येते. गमावलेला पत्ता मात्र परत मिळत नाही.

हा प्रश्न दूरच्या युरोपचा आहे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. पवित्र भूमीच्या यात्रेहून परतणाऱ्या कित्येकांच्या गळ्यात ‘विधवेची दमडी’ म्हणून विकले जाणारे एक वेडेवाकडे तांब्याचे नाणे असते. ज्या दोन दमड्यांची किंमत संत मार्क यांनी आपल्या वाचकांना रोमन ‘क्वाड्रन्स’च्या हिशेबाने समजावून दिली, त्यांचे स्मरण म्हणून ते घेतले जाते. सामान्यतः हे नाणे यहुदी राजा अलेक्झांडर यान्नेउस याच्या काळचे असते. साच्यात ओतलेल्या पट्टीवर ठसे मारून तुकडे पाडीत, म्हणून त्याच्या कडेला शेंडे राहिलेले दिसतात. त्याची अनुकरणेही विकली जातात. अस्सल असले, तरी ते त्या विधवेचेच होते असे कोणीही सांगू शकत नाही. इस्रायलच्या १९७८ च्या कायद्यान्वये भूमीत सापडणारी पुरातन वस्तू राष्ट्राची असते. ती विकण्यास परवाना लागतो आणि देशाबाहेर नेण्यास लेखी संमती लागते. जिने आपले सर्वस्व दानपेटीत टाकले, तिच्या नावाने चोरीचा माल गळ्यात घालणे, याला भक्ती हे नाव शोभत नाही. सातवी आज्ञा तांब्याला सूट देत नाही.

आपल्याकडेही कायदा आहे. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी रीतीने परदेशी पाठविण्यास मनाई केली आहे.

तेव्हा ज्याला छंद जोपासावयाचा असेल, त्याने तो अवश्य जोपासावा. पण नाणे हातात घेण्याआधी कागद मागावा. ते कोठे सापडले, कोणी नोंदविले, कोणाच्या संग्रहातून कोणत्या वर्षी आले? विक्रेत्याने खांदे उडविले, तर नाणे परत ठेवावे. मग ते कितीही मोहक रीतीने वाकडे असो. आणि ज्याच्यापाशी आधीच संग्रह आहे, त्याने जे जे ठाऊक आहे ते आजच लिहून ठेवावे, कारण मुलांच्या हाती केवळ डबी उरते. त्या तोडलेल्या, कातरलेल्या, दातेरी नाण्यांना आपली नावे कोठेही कोरता न आलेल्या माणसांचे हात लागले होते. त्यांची साक्ष ऐकावयाची असेल, तर साक्षीदाराचे गाव आधी विचारले पाहिजे.