रांगेत न दिसणारा रुग्ण

जळगाव-धुळे परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सकाळच्या वेळी बाकांवर बहुधा दोन पिढ्या दिसतात. एकीकडे रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठी आलेली ज्येष्ठ मंडळी, तर दुसरीकडे लसीकरणासाठी तान्ही बाळे घेऊन आलेल्या माता. या दोहोंच्या मधला, विशीतला तरुण तेथे क्वचितच असतो. ताप उतरेनासा झाला, मोटारसायकलवरून पडला किंवा पोटात असह्य दुखू लागले, तरच तो येतो. त्याला औषध मिळते, मलमपट्टी होते. परंतु तंबाखू खातोस का, दारू घेतोस का, किती आणि कधीपासून, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही.

हा दोष एखाद्या डॉक्टरचा नाही. व्यवस्थेच्या रचनेतच एक फट राहिली आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. तो दहा ते एकोणीस या वयोगटासाठी आहे आणि महाराष्ट्रातील ‘मैत्री क्लिनिक’ याच वयाच्या मुलामुलींना सल्ला देतात. दुसरा कार्यक्रम असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात, त्यात तंबाखू आणि मद्य यांविषयी प्रश्न आहेत; पण तो अर्ज तीस वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. म्हणजे विसाव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंतच्या माणसाला हा प्रश्न नियमाने विचारणारे कोणीच नाही. नेमक्या याच दहा वर्षांत पहिली नोकरी लागते, हातात पैसा येतो, घरापासून दूर खोली घेऊन राहणे घडते आणि गंमत म्हणून घेतलेल्या वस्तूची सवय होते.

आपल्या भागात अशा वस्तू दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही शेजारच्या राज्यांतून येणारा गुटखा पकडल्याच्या बातम्या खान्देशातील वृत्तपत्रांना नव्या नाहीत. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यावरून आणि शिरपूरवरून जातो. शिरपूर तालुक्याच्या डोंगराळ भागातील गांजाच्या शेतीवर पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या आहेत. मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ या नावाने बदनाम झालेली गोळी म्हणजे मुळात अल्प्राझोलाम होय. अस्वस्थता आणि निद्रानाश यांवर डॉक्टर देतात ते हेच औषध. आणि तंबाखू तर घराघरांत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू, म्हणजे खाण्याची तंबाखू, गुटखा, मिश्री इत्यादी, वापरत होते. ओढणारे केवळ ३.८ टक्के होते.

या प्रश्नाशी झुंजण्याची परंपरा खान्देशाला आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा भागात, श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांवर चालून जाऊन मडकी फोडली होती. तो लढा पुरवठ्याविरुद्धचा होता आणि त्याची गरज आजही संपलेली नाही. परंतु पुरवठा थांबवणे पोलिसांच्या आणि समाजाच्या हाती असते. घरातल्या एका तरुणाशी वेळेवर बोलणे कुटुंबाच्या आणि जवळच्या डॉक्टरच्या हाती असते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या कामाविषयी आहे.

घराघरांत तरुणांसाठी दोनच शब्द वापरले जातात. मुलगा एकतर ‘गुणाचा’ असतो, नाहीतर ‘व्यसनी’. या दोन शब्दांच्या मधे मोठा रस्ता आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. शनिवारी मित्रांबरोबर बसणारा, महिन्यातून दोनदा भान हरपेपर्यंत पिणारा, परीक्षेच्या ताणात झोपेसाठी मित्राची गोळी मागून घेणारा तरुण अद्याप व्यसनाधीन झालेला नसतो. त्याला व्यसनमुक्ती केंद्राची गरज नसते आणि तेथे जा म्हटले तर तो चिडतो. त्याला हवा असतो तो न रागावता केलेला प्रश्न आणि पंधरा मिनिटांचे नीट संभाषण. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. किती वेळा पितोस, एका वेळी किती पितोस आणि फार जास्त पिणे किती वेळा होते, या तीन प्रश्नांवरूनही धोक्याचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी दहा प्रश्नांची सोपी प्रश्नावली तयार केलेली आहे.

अशा संभाषणाने खरोखर काही होते काय? आपल्या शेजारच्या गोव्यात याची शास्त्रीय परीक्षा झाली आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशन मिळाले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती आणि भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवस मद्याला स्पर्श न केलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. हे आकडे चमत्काराचे नाहीत. शंभरातले सगळे सुधारले असे कोणी म्हणत नाही. गांजा आणि गोळ्या यांच्याबाबत तर केवळ थोडक्या संभाषणाचा पुरावा याहून दुबळा आहे, तेथे तज्ज्ञाची मदत लवकर घ्यावी लागते. तरीही खर्च पाहता हा लाभ लहान नाही.

मग या तरुणाला आरोग्य केंद्रापर्यंत आणणार कोण? जे तेथे दर महिन्याला जातातच, ते. ज्येष्ठ वाचकहो, तुमच्या हाती असलेल्या काही गोष्टी पुढे देत आहे.

पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाताना नातवाला गाडीवर बसवून न्यावे. ‘माझा रक्तदाब मोजणार आहेत, तुझाही मोजून घेऊ’ एवढे निमित्त पुरते. डॉक्टरांना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आपली काळजी आधी एकट्याने सांगावी आणि नंतर त्या दोघांना एकांत द्यावा. सज्ञान मुलाने डॉक्टरांना जे सांगितले, ते त्याच्या संमतीवाचून ते तुम्हाला सांगणार नाहीत. याचे वाईट वाटून घेऊ नये; त्या विश्वासावरच तो पुन्हा तेथे जाईल.

घरातील औषधांचे कपाट पाहावे. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉलसारखे तीव्र वेदनाशामक, कोडीन असलेले खोकल्याचे औषध ही सर्व कुलपात ठेवावीत आणि गोळ्या मोजून ठेवाव्यात. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकणे नियमाने वर्ज्य आहे, पण आजीच्या डब्यातली गोळी घ्यायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. दारूबरोबर घेतलेली झोपेची गोळी श्वास मंदावून जीव घेऊ शकते. उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून साठवू नयेत. त्यांचे काय करावे हे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारावे.

स्वतःच्या पुडीकडेही पाहावे. ‘जा रे, दुकानातून तंबाखू घेऊन ये’ असे नातवाला सांगण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि त्याच्याकरवी विकविणे या दोन्ही गोष्टींना २००३ च्या कायद्याने मनाई आहे. सत्तराव्या वर्षी तंबाखू किंवा मिश्री सोडली, तरी तोंडाला, दातांना आणि हृदयाला लाभ होतो. आणि आबांनी सोडली, ही गोष्ट घरातल्या तरुणापुढे शंभर उपदेशांहून अधिक वजनदार असते.

काही गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पावडर चहात किंवा भाजीत मिसळू नये. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकते. त्यावर माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकदम कोसळून हृदयाला धोका होतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे असे गंभीर प्रकार घडू शकतात. दीर्घकाळ घेतलेली झोपेची गोळी एकदम थांबवली तरी फिट येऊ शकते. अशा वेळी रुग्णालयच हवे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

बोलायचे कसे, हाही प्रश्न असतो. संध्याकाळी तो पिऊन आला असता विषय काढू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात इतर कोणी नसताना काढावा. ‘कुणाच्या संगतीला लागलास?’ असे विचारले की तो गप्प होतो. ‘हल्ली झोप नीट लागत नाही का रे? कामावर काही घडले का?’ असे विचारले, तर कधी दारूमागचे कर्ज कळते, कधी मोडलेले लग्न, कधी तीनदा हुकलेली भरती. उत्तर पहिल्याच दिवशी येईल असे नाही. आठवड्याने पुन्हा विचारावे.

फोनवर बोलणे त्याला सोपे वाटत असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हे शासकीय क्रमांक आहेत, दोन्ही निःशुल्क आहेत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे. घरातील दिनदर्शिकेवर, गोळ्यांच्या तारखेशेजारी, हे तिन्ही लिहून ठेवावेत. तो स्वतः फोन करणार नसेल, तर तुम्ही करावा. काळजीवाहकांनाही तेथे सल्ला मिळतो.