वाशिमला टॉवर मिळाला, माईक कधी मिळणार?

28 एप्रिल 2023 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशभरातल्या 91 एफएम ट्रान्समीटरचं एकाच वेळी ऑनलाइन उद्घाटन केलं. 18 राज्यं आणि 2 केंद्रशासित प्रदेशांतल्या 84 जिल्ह्यांत प्रत्येकी 100 वॅटची ही यंत्रं बसली. आकांक्षित जिल्हे आणि सीमाभाग यांना प्राधान्य होतं. आपला वाशिम जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्यामुळे त्यालाही एक ट्रान्समीटर मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. आता मोबाईलवर किंवा पानटपरीच्या रेडिओवर आकाशवाणी खरखर न करता ऐकू येते.

पण तो टॉवर बोलतो काय? दुसऱ्या शहरात तयार झालेला कार्यक्रम पकडायचा आणि पुढे सोडायचा, याला रिले म्हणतात. म्हणजे वाशिमला ऐकायची सोय झाली, बोलायची नाही. एकबुर्जी धरणात पाणी किती राहिलं, कारंजात अडाणचं पाणी या आठवड्यात कधी सुटणार, रिसोडच्या बाजारात हळदीला काय भाव निघाला, मंगरूळपीरच्या उर्दू शाळेत कोणत्या वर्गाला शिक्षक नाही, हे सांगायला तिथे कुणी बसलेलं नाही.

याची किंमत काय, हे त्या उद्घाटनानंतर पंधराच दिवसांत शेजारी दिसलं. 13 मे 2023 च्या रात्री अकोल्यात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ज्या फोनवरून अफवा आली, त्याच फोनवर खरं काय ते कळायचा रस्ताही संपला. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं होतं. तिथेही व्हॉट्सॲपवरची अफवाच. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट नव्हती. सगळ्या वस्त्या ज्याच्यावर भरवसा ठेवतील, असा गावातलाच ओळखीचा आवाज.

मोहल्ल्याचा आवाज मोहल्ल्यातच राहतो

आपल्याकडे स्थानिक 'रेडिओ' आधीपासून आहेच, फक्त आपण त्याला रेडिओ म्हणत नाही. मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून मय्यतचं ऐलान होतं, हरवलेल्या लेकराचा पत्ता सांगितला जातो, पोलिओ डोसची आठवण दिली जाते. खेड्यात ग्रामपंचायतीची दवंडी असते. पण लाऊडस्पीकरचा आवाज त्या मोहल्ल्यापुरता. व्हॉट्सॲपचे ग्रुप तर जातीधर्मानुसार वेगवेगळे. या ग्रुपमध्ये काय चाललंय ते त्या ग्रुपला कळत नाही, आणि कळतं तेव्हा तिखटमीठ लावून कळतं. रेडिओची लहर मात्र मोहल्ल्याची हद्द ओळखत नाही. इकडे जे ऐकू येतं, तेच पलीकडच्या लेआउटमध्येही ऐकू येतं. म्हणून बोलणाराही जपून बोलतो.

2011 च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 12 लाख, आणि त्यातले शंभरात अठराच लोक शहरात राहतात. पण गेल्या काही वर्षांत शहरांच्या कडा वाढल्या. शेत गेलं, प्लॉट पडले, खेड्यातून माणसं आली. कुणी हमाली करतं, कुणी गॅरेज चालवतं, कुणी घरी शिलाई करतं. या नव्या वस्त्यांत नाली नाही, रस्ता नाही, आणि पेपरात बातमीही नाही. बातमी येते ती भांडण झाल्यावर. रोजचं जगणं बातमीत बसतच नाही.

भाषेचंही तसंच. एकाच आठवडी बाजारात वऱ्हाडी, आपली दखनी-उर्दू आणि बंजारा समाजाची गोरमाटी अशा तिन्ही बोली कानावर पडतात. मुंबई-दिल्लीच्या रेडिओवर यातली एकही नाही. लिपीचा वाद कागदावर होतो, कानाला लिपी नसते. कुलसुम सयानी यांनी प्रौढशिक्षणासाठी 'रहबर' हे पाक्षिक काढलं, तेव्हा भाषा सोपी हिंदुस्तानी ठेवली आणि छापलं मात्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. त्या कामात हातभार लावणारा त्यांचा मुलगा पुढे अमीन सयानी म्हणून घराघरांत पोहोचला. 20 फेब्रुवारी 2024 रोजी ते गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या आवाजाची आठवण काढली. त्या आवाजामागची साधी, सगळ्यांना कळणारी भाषा ही खरी कमाई होती.

कायदा काय म्हणतो?

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खंडपीठात आपल्या महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत होते. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रं आहेत. त्यांची परवानगीची ताकदही 100 वॅटच, म्हणजे वाशिमच्या टॉवरएवढीच. ताकद सारखी असूनही फरक पडतो, कारण निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून करणं या केंद्रांना बंधनकारक आहे.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, दुष्काळी माण तालुक्यात, 'माणदेशी तरंग' 2008 पासून सुरू आहे. हरियाणाच्या मेवातमध्ये, जिथे मुस्लिम वस्ती मोठी आणि शिक्षण कमी, तिथे 2010 मध्ये 'रेडिओ मेवात' आणि 2012 मध्ये 'अल्फाज-ए-मेवात' सुरू झालं. तिथे शेती, रेशन, शाळा, लसीकरण यांवर लोक त्यांच्याच मेवाती बोलीत बोलतात. गुडगावला 2009 मध्ये 'गुडगाव की आवाज' निघालं. काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी राहणारे कामगार आणि जुने गावकरी त्यावर बोलायचे. शहराच्या कडेची माणसं एकमेकांना पहिल्यांदा ऐकू आली ती तिथे.

बायकांच्या दृष्टीने तर हे माध्यम फार सोयीचं. चेहरा दाखवावा लागत नाही, लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं नाही. जी बाई नगरपरिषदेच्या पायऱ्या चढायला कचरते, ती फोनवरून 'आमच्या गल्लीत चार दिवस नळ नाही' एवढं नक्की सांगेल.

अडचणी आहेत, पण...

पहिली अडचण पैशाची. फेब्रुवारी 2024 च्या नव्या नियमांनी तासाला 7 ऐवजी 12 मिनिटं जाहिरात करता येते आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदाला 52 वरून 74 रुपये झाला. म्हणजे मिनिटाला 444 रुपये. ऐकायला बरं वाटतं, पण छोट्या गावात एवढ्या जाहिराती येणार कुठून? त्यामुळे सुरू झालेली काही केंद्रं दमून गप्प होतात.

दुसरी अडचण मोठी आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. व्हॉट्सॲपवर कुणीही काहीही पसरवतो, यूट्यूबवर कुणीही 'चॅनल' काढतो, आणि ज्याचा पत्ता, समिती, रेकॉर्डिंग सगळं सरकारजवळ आहे त्यालाच बातमी बंद! हा उलटा न्याय आहे. ही अट सैल व्हावी म्हणून आपल्या खासदारांनी संसदेत विचारायला हवं. तोवर पाणी, वीज, हवामान, परीक्षा, नोकरीच्या संधी आणि प्रशासनाच्या सूचना सांगायला मुभा आहे, आणि अफवेच्या रात्री प्रशासनाची एक खरी सूचना ओळखीच्या आवाजात पोहोचली तरी पुष्कळ झालं.

तिसरी अडचण आपली. तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र हे सगळे अर्ज करू शकतात. जिल्ह्यात मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्था आहेत. पण इमारत बांधायला चंदा गोळा करणारे आपण, आवाजासाठी कधी बसलो का? राजकीय पक्षाला हा परवाना मिळत नाही, ते बरंच आहे. आणि हे केंद्र फक्त 'आपलं' असूही नये. मोहल्ल्यातला, बौद्धवाड्यातला, तांड्यावरचा, सगळ्यांचा माणूस समितीत हवा. नव्या नियमानुसार समितीत निम्म्या महिला हव्यातच.

अर्ज करायला वेळ लागतो, परवानगीला त्याहून जास्त. पण सुरुवातीला परवाना लागत नाही. एखाद्या कॉलेजच्या पोरापोरींनी मोबाईल घेऊन आठवड्यातून एकदा एका वस्तीत जावं, लोकांना बोलतं करावं, रेकॉर्डिंग जपून ठेवावं. ही सवय लागली तर परवाना येईल तेव्हा बोलायला माणसं तयार असतील. सवयच नसली तर उद्या माईक मिळूनही त्यावर गाणीच वाजतील.