शून्याला कितीने गुणायचं?

आमच्या विंगमध्ये त्रिपुराचा एक मुलगा आहे. दोन वर्षं झाली तरी अर्ध्या होस्टेलला तो आसामचा वाटतो आणि उरलेल्या अर्ध्याला कलकत्त्याचा. गेल्या दुर्गापूजेला तो घरी गेला नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, "जायला गाडीत तीन रात्री, यायला तीन. सुट्टी किती, तूच सांग." विमान आहे, पण सणाच्या दिवसांत विमानाचं तिकीट म्हणजे आमच्या अख्ख्या सेमिस्टरचं मेसबिल!

त्या रात्री त्याने जर्नलच्या मागच्या पानावर नकाशा काढून दाखवला. आगरतळा आणि कलकत्ता यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर आपल्या मुंबई-पणजीपेक्षा कमी आहे. पण मध्ये बांगलादेश. म्हणून गाडी आधी वर आसामात जाते, मग सिलिगुडीजवळच्या जेमतेम 20-22 किलोमीटर रुंदीच्या पट्टीतून वळसा घेते आणि मग बंगालमधून खाली उतरते. एकूण सुमारे 1,600 किलोमीटर. बांगलादेशातून सरळ गेलं तर साडेपाचशेच्या आसपास. त्याच्या शहरातून रिक्षाने सीमेवर पोचता येतं, पलीकडे आखौडा जंक्शन. आसाम-बंगाल रेल्वेच्या काळात आगरतळ्याच्या लोकांचं रेल्वे स्टेशन तेच! चितगाव बंदरातून चहा बाहेर नेण्यासाठी टाकलेली ती लाइन. 1947 साली मध्ये सीमा आली, 1965 च्या युद्धात आरपार जाणाऱ्या गाड्या बंद झाल्या. म्हणजे हा भाग जन्मापासून कोपऱ्यात नव्हता. तरी आपण 'रिमोट एरिया' असं म्हणतो, जणू तो डोंगरासारखा निसर्गानेच तिथे ठेवलाय.

आता आमच्या विषयाकडे येते. (सिव्हिलवाल्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांनी एक पॅरा सहन करावा.) नवा रस्ता किंवा रेल्वे प्लॅन करताना आधी सर्व्हे होतो: कुठून कुठे किती माणसं आणि किती माल जातो. त्याचा एक मोठा तक्ता बनतो. मग सगळ्यात सोपी पद्धत अशी, की आजच्या आकड्याला वाढीच्या दराने गुणायचं आणि वीस वर्षांनंतरची वाहतूक काढायची. मुंबई-पुण्याला ठीक आहे. पण ज्या सीमेवरचं गेट बंदच आहे तिथे सर्व्हेत आकडा येणार शून्य. शून्याला दोनने गुणा नाहीतर दोनशेने, उत्तर काय येणार? दुसरी ग्रॅव्हिटी मॉडेलची पद्धत जरा शहाणी आहे, ती लोकसंख्या आणि प्रवासाचा वेळ बघते. पण बंद गेटमधून जायला किती वेळ लागतो, ते त्या मॉडेलला कोणी सांगायचं? क्लासमध्ये मी हे विचारलं तेव्हा सर हसले आणि म्हणाले, "असे प्रोजेक्ट ट्रॅफिकवर नाही, पॉलिसीवर होतात." बरोबर आहे त्यांचं. पण मग पॉलिसी ठरवताना आगरतळ्याला कोण विचारतं?

एशियन हायवेचंच बघा. 32 देशांना जोडणारं, एक लाख चाळीस हजार किलोमीटरहून मोठं जाळं, त्याचा करार 2005 मध्ये अमलात आला. त्यातला पहिला क्रमांकाचा मार्ग टोकियोहून तुर्कस्तानपर्यंत. भारतात तो मणिपूरच्या मोरेहमधून शिरतो, इंफाळ, कोहिमा, शिलाँग करत डावकीला बांगलादेशात उतरतो आणि सिल्हेटवरून ढाक्याला जातो. त्रिपुरा त्यात नाहीच. आणि ज्या मोरेह-इंफाळमधून तो जातो, तिथल्या लोकांना त्या मार्गाच्या नंबराचा किती उपयोग झाला?

मोठ्यांना गरज पडली की मात्र वाट लगेच सापडते. त्रिपुरात पालाटाना इथे 726 मेगावॅटचं गॅसवर चालणारं वीज केंद्र बांधायचं होतं. त्याची अवजड यंत्रं डोंगरातल्या वळणांवरून नेणं शक्य नव्हतं. मग 2011-12 मध्ये ती नदीमार्गे बांगलादेशातल्या आशुगंज बंदरात आली आणि तिथून ट्रेलरवरून आखौड्यामार्गे त्रिपुरात. दोन देशांनी ठरवलं आणि झालं! पुढे 2016 पासून त्रिपुरातून बांगलादेशला 100 मेगावॅट वीज जाऊ लागली. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. पण त्याच ट्रेलरांसाठी पलीकडे तितास नदीच्या पात्रात भर टाकून रस्ता केला होता, पाणी अडलं, आणि तिथले लोक चिडले. ब्राह्मणबाडिया जिल्हासुद्धा ढाक्याच्या दृष्टीने कोपराच. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना माणसं तीच, रस्ता त्यांच्या अंगणातून, आणि निर्णय दोन राजधान्यांत.

त्यानंतर बरंच बांधकाम झालं, हे मान्य केलं पाहिजे. 2016 मध्ये आगरतळ्याला ब्रॉडगेज पोचली. 2021 मध्ये सबरूमला फेणी नदीवर 1.9 किलोमीटरचा मैत्री सेतू झाला, तिथून चितगाव फक्त 80 किलोमीटर. 1 नोव्हेंबर 2023 ला आगरतळा-आखौडा रेल्वेचं उद्घाटन झालं. लांबी सव्वाबारा किलोमीटर, आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्स डेला धावतात त्याहून थोडी जास्त! पण उद्घाटनानंतर तीन वर्षांनीही मैत्री सेतूवरून नियमित वाहतूक सुरू झालेली नव्हती, आणि आखौड्याच्या लाइनवर वर्षभरात एकही नियमित प्रवासी गाडी धावली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सरकार बदललं, मग संबंध बिघडले. मे 2025 मध्ये दिल्लीने बांगलादेशी मालावर बंधनं घातली, त्यात त्रिपुरातली नाकीही आली. कारणं असतील, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न मी हॉस्टेलच्या खोलीत बसून सोडवणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की भांडण कोणाचंही असो, बंद होतं ते आगरतळ्याचं गेट.

याच्या उलट भूतान. जून 2015 मध्ये थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी एकमेकांची वाहनं आपल्या रस्त्यांवर सोडण्याचा करार केला. भूतानच्या वरच्या सभागृहाने तो नाकारला. बाहेरच्या ट्रकांनी आपल्या हवेचं आणि आपल्या छोट्या ट्रकवाल्यांचं काय होईल, अशी त्यांना भीती होती. शेवटी भूतानने सांगितलं, तुम्ही तिघं पुढे व्हा. सहभाग म्हणतात तो हा, मला वाटतं. 'नाही' म्हणता येणंसुद्धा त्यात आलं. भूतान देश आहे म्हणून त्याला हे जमलं. त्रिपुराला किंवा ब्राह्मणबाडियाला अशी खुर्चीच नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझं आजोळ वैभववाडीचं. 1998 साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सुरू झाली तेव्हा तिथे केवढा आनंद झाला होता म्हणे. आज प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की केरळच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. रूळ आमच्या गावातून, थांबा दुसऱ्यांचा. आजी म्हणते, "गाडी आली खरी, पण आमच्याकडे नाही आली."

माझं म्हणणं असं, की आंतरराष्ट्रीय मार्ग आखताना सीमेवरच्या राज्याचा माणूस पहिल्या मीटिंगपासून टेबलावर हवा. सर्व्हेत 'आज किती जातात' याच्याबरोबर 'गेट उघडलं तर कुठे जाल, काय विकाल' हेही घरोघर विचारायला हवं. आणि आधी असे तुकडे बांधावेत जे सीमा बंद झाली तरी कामाला येतील. आगरतळा-सबरूम लाइन तशी आहे, तिथली माणसं तिच्यावरून रोज जातात-येतात. सव्वाबारा किलोमीटरची लाइन मात्र दोन सरकारांचं जमेपर्यंत गंजत राहणार. खर्च जास्त होईल, वेळ लागेल, कबूल. 'तिथे जाणार कोण?' असं आमच्या एका सीनियरने विचारलंच.

मी तोच प्रश्न आमच्या त्रिपुरावाल्याला विचारला. गेट उघडलं तर तू कुठे जाशील? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आजोबा आखौड्याच्या शाळेत होते, ती शाळा बघायचीय. घरापासून दहा-बारा किलोमीटर असेल. आणि संध्याकाळी इलिश घेऊन परत. पुढच्या पूजेचं त्याने अजून ठरवलेलं नाही, तिकीट काढायला दोन महिने आधी बसावं लागतं.