पाणीच घाला हो!

देव आणि मोटार, दोघेही नळाच्या पाण्यावर प्रसन्न होतात असा आपल्याकडे एक भोळा समज आहे. देवाचे मला ठाऊक नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र भांडायला मी तयार आहे.

“कूलंट बदलायचंय,” असे सोसायटीच्या आवारात नुसते पुटपुटून बघा. तीन गॅलऱ्यांतून तीन काका प्रकट होतात. “अहो, ती थेरं बर्फाच्या देशात! आपल्याकडे सरळ पाणी घाला. आमची फियाट वीस वर्षं पाण्यावर चालली!” चालली ना! पण खंडाळ्याच्या घाटात ती बॉनेट उघडून वाफा सोडत उभी राहायची आणि अख्खे कुटुंब कडेच्या दगडांवर बसून तिचा राग शांत होण्याची वाट बघायचे, तेवढे काका गाळतात.

बर्फाचे निम्मेच खरे आहे. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे 35 अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. पुण्यात हा गुण वाया जातो, कबूल. पण तेच मिश्रण उकळायलाही शंभराच्या पुढे सहा-सात अंश जास्त घेते, आणि त्यातली औषधे इंजिनाला आतून गंजू देत नाहीत. ही औषधे हळूहळू संपतात, म्हणून तर ते बदलायचे. नळाच्या पाण्याचे प्रताप बघायचे असतील तर गीझरची कॉइल काढून बघा. रेडिएटरच्या नळ्या तर त्याहून नाजूक. पाणी घालायचेच तर बॅटरीचे घाला, आणि तेही कूलंटच्या जोडीला. हिरवे-गुलाबी बघून मात्र जोडी जमवू नका. रंगावरून गोत्र कळत नाही, गाडीचे पुस्तक वाचावे लागते.

दुसरा शूर म्हणजे तापल्या इंजिनाचे झाकण फडक्याने पिळणारा. हाच गृहस्थ घरी कुकरची वाफ गेल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही! इंजिन पुरते गार होऊ द्यावे, मगच झाकणाला हात लावावा.

पण माझे खरे भांडण आहे ते काढलेल्या कूलंटवरून. आमच्याकडे ते सर्रास गटारात सोडतात, नाहीतर सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवतात. हे द्रव्य गोड लागते हो! कुत्री-मांजरी चाटतात, मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. आणि हिरवीगार बाटली बघून शेजारच्या बंड्याला ते खसचे सरबत वाटले तर? घमेल्यात धरा, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा, आणि जे वर्कशॉप ते परत घेते तिथे देऊन या.

एका गॅरेजवाल्याला मी हटकले, “अरे, गटारात काय ओततोस?”

“पाणीच आहे की, साहेब.”

बिल हातात आले तेव्हा त्याचे पुन्हा कूलंट झाले होते.