बांधावर पांगारा राहू द्या



बांध कोरून एक सरी वाढवायची आणि उरलेला पाचटाबरोबर पेटवून द्यायचा, ही रीत आपल्याकडे बोकाळली आहे. "बांध स्वच्छ ठेवा" असे मेळाव्यांतून आम्हीच सांगत आलो. बोडका करा असा त्याचा अर्थ नव्हता, पण झाला तसा खरा.

अमेरिकेत गुंजन पक्षी यावा म्हणून लोक अंगणात तिथली रानफुले लावतात. तो पक्षी आपल्याकडे नाही. आपला आहे शिंजीर: अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा, फुलातला मध पिणारा. पिलांना मात्र किडे-कोळी भरवतो. खोडकिडा तो संपवील असे आम्ही म्हणणार नाही. पण फुकटचा राखणदार हाकलायचा कशाला?

त्याला पांगारा, पळस, अडुळसा हवा. एकदा धरले की वर्षानुवर्षे राहतात. पानमळ्यातले पांगाऱ्याचे दांडे जुन्या मंडळींना आठवतील. पावसाच्या तोंडाला फांदी रोवली की फुटते. अडुळसाही तसाच, वर शेळी त्याला तोंड लावत नाही.

सावलीत ऊस बारीक पडतो ही तक्रार रास्त आहे. म्हणून झाड उत्तरेच्या बांधाला धरा. हिवाळ्यात सावली शेजाऱ्याच्या फडात जाईल, तेव्हा आधी त्याला विचारा. बांधावरून कोर्टकचेऱ्या आपल्याकडे कमी नाहीत. पाचट सरीतच कुजवा. आणि बांधाला काडी लावण्याआधी झुडपात कोळिष्टकाने विणलेली, लोंबती पिशवी दिसते का तेवढे बघा. ते शिंजिराचे घरटे असते.

– ऊस विकास अधिकारी